बीज राखावे, बीज वाटावे

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, आपल्या दारातील तुळस मुळात कोठून आली, असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारून पाहा. ती म्हणेल, शेजारच्या काकूंनी रोप दिले. काकूंना विचारा, त्या म्हणतील, माहेराहून मंजिरी आणली होती. माहेरी चौकशी करावी तर तेथे आणखी कोणाचे तरी वृंदावन निघते. असे मागे मागे जात राहिले तर तुळशीचा मालक काही सापडत नाही. सापडतात ती देणारी माणसे. आणि त्या देणाऱ्यांपैकी एकाचेही वृंदावन देण्यामुळे ओस पडलेले नाही. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की चिमूटभर बी निघते, आणि त्या चिमटीत शंभर दारांची तुळस असते. आयाबहिणी जे वृंदावन डोक्यावर घेऊन पंढरीची वाट चालतात, आपल्या गळ्यात जी माळ असते, त्या सगळ्याच्या मुळाशी हे एवढेसे बी आहे. आणि ते हातोहात चालत आपल्यापर्यंत आले आहे.

आता प्रश्न असा, की तुळशीला आपण जो न्याय लावतो तो परसातल्या घेवड्याला का लावत नाही? आपल्या आज्या-पणज्यांच्या परसात काय नव्हते? कुंपणावर अबईच्या रुंद शेंगा, मांडवावर चौधारी वाल, कोपऱ्यात करांद्याचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर अळू, आणि वाफ्यात चुका, अंबाडी, चंदनबटवा, पोकळा. आज यांतली निम्मी नावे घरातल्या पोरांना विचारली तर ती तोंडाकडे पाहत राहतात. ही वाणे कोणी चोरून नेली नाहीत, की कोणी जाळली नाहीत. एका वर्षी बी धरायचे राहून गेले. दुसऱ्या वर्षी शेजारणीकडे मागितले तर तिच्याकडेही नव्हते. तिसऱ्या वर्षी नुसते नाव उरले. वाण जायला एवढे पुरते, बरं का! पुढे पैसे मोजायची तयारी असली तरी ते कोणत्याही पेठेत मिळत नाही. म्हणून या महिन्याच्या निरूपणासाठी आम्ही हा विषय घेतला आहे : बीज राखावे कसे, आणि राखलेले वाटावे का.

येथे एखादा माळकरी म्हणेल, "माउली, तुम्ही नामाचे सांगा, हरिकथेचे सांगा. भाजीपाला कुठे घेऊन बसलात?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही देत नाही. ते अरणगावी आहे. सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात हे अरण. तेथे सावता महाराजांनी मळा पिकवला आणि इ. स. 1295 मध्ये तेथेच देह ठेवला. पंढरी तेथून काही फार लांब नाही. तरीही महाराज मळा सोडून गेले नाहीत, असे परंपरा सांगते. खुरपे, मोट आणि वाफे हेच त्यांचे साधन. पिकलेल्या मळ्यात त्यांना विठ्ठल दिसला. आणि देवाने काय केले? इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरीस येतात. पण सावतोबांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमारास, पांडुरंगाची पालखी पंढरीहून निघून अरणला जाते. देव ज्याच्या बांधावर चालत जातो तो माळी आहे. तेव्हा भाजीपाल्याचा विषय हरिकथेबाहेरचा कसा म्हणावा? मळ्यातले काम नीट केले, मन त्यात हरीला धरून राहिले, तर तीही सेवाच होय. आणि मळ्याच्या कामात सर्वांत जोखमीचे काम कोणते म्हणाल, तर पुढच्या वर्षीचे बी धरणे.

बी राखण्याला पहिला नियम लागतो तो जिभेवर ताबा ठेवण्याचा. वेलाला पहिली-दुसरी काकडी कशी येते? सरळ, भरलेली, निरोगी. तिच्याकडे पाहून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटते. पण बी धरायचे तर नेमकी तीच ठेवावी लागते. बाजारात गेलेली, मुलांनी तोडलेली, म्हातारी झालेली सगळी संपल्यावर जे किडके-वाकडे राहील त्याचे बी धरले, तर आपण दरसाल वाईटाची निवड केली असे होते, चार वर्षांत वाण खालावते आणि मग आपणच म्हणतो, "गावठी बियाण्यात आता राम राहिला नाही." राम होता हो, आपण तो खाल्ला! म्हणून जुन्या बाया निरोगी वेल पाहून त्यावरच्या उत्तम फळाला चिंधी बांधत. चिंधी बांधली की घरातल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. एकादशीचा उपवास जसा सर्व घराला माहीत असतो, तशी ही चिंधी सर्व घराला माहीत असे.

हा नियम किती कठीण होऊ शकतो, याचा एक दाखला परमुलखातला आहे. तो येथे सांगतो. रशियात लेनिनग्राड नावाचे शहर होते; त्याला आज सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. तेथे निकोलाय वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने देशोदेशी फिरून धान्यांची, भाज्यांची, कंदांची वाणे जमवली होती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला. तो पुरता उठला जानेवारी 1944 मध्ये. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या संस्थेच्या खोल्यांत तांदूळ होता, गहू होता, वाटाणे होते. आणि त्यांची राखण करणारी माणसे त्यांच्याशेजारी उपाशी मेली. भाताच्या वाणांचे राखणदार दिमित्री इवानोव्ह भाताच्या हजारो पुड्यांत भुकेने गेले. खुद्द वाविलोव्हांना त्यांच्याच सरकारने 1940 मध्ये पकडले होते. 1943 मध्ये ते तुरुंगातच वारले. ती माणसे आपल्या संप्रदायाची नव्हती, त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. पण जे आपले नाही, उद्याच्यांचे आहे, त्याला हात लावायचा नाही, हे व्रत त्यांनी प्राण देऊन पाळले. आपल्याला प्राण द्यायचा नाही. एक काकडी वेलावर पिकू द्यायची आहे. तेवढेही होऊ नये काय?

दुसरा नियम संगतीचा. कडू भोपळ्याचा दृष्टांत आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकला आहे. यात्रेकरूंबरोबर भोपळा धाडला, त्याला सगळ्या तीर्थांत बुडवून आणले, आणि चिरून चाखला तर तो जसाच्या तसा कडू. दृष्टांत खरा आहे. पण मळ्यात त्याची दुसरी बाजूही दिसते. आपल्या दिंडीतल्या वीणेचा जो भोपळा, तो दुधी भोपळ्याच्याच जातीचा. कठीण सालीचा, बहुधा कडू. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी जे भोपळे घेतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. म्हणजे ज्या भूमीत पांडुरंग उभा आहे, तिथल्याच मातीतून वीणेचा नादही उगवतो! पण शेजारच्या मळ्यात हा कडू भोपळा असेल आणि आपल्या मांडवावर गोड दुधी असेल, तर फुलावरचे किडे एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात. गंमत अशी की त्या वर्षीचे आपले फळ गोडच राहते. खाणाऱ्याला काही कळत नाही. कडूपणा आत बियांत जाऊन बसतो, आणि पुढच्या वर्षी ते बी लावल्यावर फळात उतरू शकतो. संगतीचा परिणाम आज दिसला नाही म्हणून तो झालाच नाही, असे समजू नये. आईबापांच्या वागण्याचेही असेच आहे. त्यांच्या हयातीत सर्व गोड दिसते, चव कळते ती मुलांच्या पिढीला.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या दिवशी दुपारी, उद्या नव्हे तर आजच उमलेल अशी एक मादी कळी हेरावी. तिच्या मागे इवलासा भोपळा असतो, त्यावरून ती ओळखू येते. तिला व दोन नर कळ्यांना सुताने हलकेच बांधावे. संध्याकाळी नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मादी फुलाच्या तोंडावर फिरवावे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. देठाला चिंधी. तो भोपळा वेलावरच पुरता वाळू द्यावा. हलवला की आत बी खुळखुळले पाहिजे. लाल भोपळ्यालाही हीच रीत, मात्र त्याची पिवळी फुले पहाटे उमलतात, म्हणून काकडआरतीच्या वेळी मळ्यात जावे लागते! आणि एक सूचना विसरू नये : कोणताही दुधी कडू लागला तर तो थुंकून टाकावा. त्याच्या रसाने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. औषध म्हणून, व्रत म्हणून, कशासाठीही तो पोटात घालू नये.

सगळ्याच भाज्यांना एवढा खटाटोप लागत नाही. वाल, घेवडा, चवळी, वाटाणा, गवार, टोमॅटो यांचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. ही एकांतात राहणारी मंडळी, नवशिक्याने यांच्यापासून आरंभ करावा. वांगी, मिरची, भेंडी यांच्यात थोडी सरमिसळ होते. त्यांच्या दोन जाती जवळजवळ लावू नयेत. मुळा, काकडी, दोडका यांना मात्र दुसऱ्या झाडाच्या परागाची सवय आहे. त्यांतही मुळा, मका, बाजरी यांचे बी एकट्या-दुकट्या झाडाचे धरले तर वाण दुबळे होत जाते. पुष्कळ झाडांचे थोडे थोडे बी एकत्र करावे. दिंडी एकट्याची होत नाही, टाळकऱ्याला टाळकरी लागतो, तसेच हे. कर्टोलीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. कोणी हौसेने रानातून एकच कंद आणून लावतो आणि फळ का येत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. जवळपास नर व मादी असे दोन्ही वेल असतील तर मादी वेलाचा मांडव भरतो. 

तिसरा नियम जपणुकीचा. बीला दोन शत्रू, ओल आणि ऊब. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. दाताखाली धरले तर कट्कन तुटले पाहिजे. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्यावे, म्हणजे भोवतालचा बुळबुळीत पदर सुटतो. मग धुऊन वाळवावे. वाल-चवळीला भुंगा लागतो, म्हणून चाळलेली कोरडी राख मिसळून गाडग्यात भरून तोंड लिंपून ठेवण्याची जुनी रीत चांगलीच आहे. हल्ली घट्ट झाकणाची बरणी असली तरी चालते. पण बरणीत ठेवले म्हणजे ते अमर झाले असे नव्हे. कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच निकामी होते. भोपळा, काकडी नीट वाळवून ठेवली तर चार-पाच वर्षे टिकतात. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्या. किती मोडतात ते दिसते. वर्षानुवर्षे फडताळात जपलेली आणि एकदाही न पेरलेली पुडी ही, पोथी रेशमी वस्त्रात बांधून ठेवून कधीच न वाचल्यासारखी आहे. धूळ झटकून नमस्कार होतो, पण आतले कोणाच्या कामी येत नाही.

येथून निरूपणाचा दुसरा भाग सुरू होतो, तो वाटण्याचा. एवढ्या नेमाने राखले, चिंध्या बांधल्या, पहाटे उठलो, आणि मग ते दुसऱ्याला का द्यायचे? प्रपंची माणसाच्या मनात हा प्रश्न येतोच. "माझ्या घरचे वाण आहे, दुसऱ्याच्या दारी गेले तर माझे विशेष काय राहिले?" सज्जनहो, पैसा वाटला तर कमी होतो, म्हणून तो तिजोरीत सुरक्षित असतो. बियाण्याचा धर्म उलटा आहे. ते वाटले तरच सुरक्षित राहते. एका वर्षी आपल्या मळ्यात पाणी साचले, रोग पडला, गुरांनी वाफा खाल्ला, तर घरचे वाण संपले. पण तीन वर्षांपूर्वी आपण ते बहिणीला दिले असेल, तर तिच्या दारी जाऊन एक मूठ परत आणता येते. आपण दिलेलेच आपल्याला वाचवते. दान हे परलोकी फळते म्हणतात. बियाण्याचे दान इहलोकीच, आणि तेही चार महिन्यांत फळते.

याचे जिवंत उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. महादेव कोळी समाजातील, शाळेचे तोंड न पाहिलेली ही माउली. तिने वाल-घेवड्याची, भाज्यांची, भाताची गावठी वाणे घरोघरून जमवली, दारात लावली, बी धरले, आणि मागेल त्या शेतकरी बाईच्या ओंजळीत घातले. पुढे तिच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली, लोक तिला बीजमाता म्हणू लागले, आणि सरकारने 2020 साली तिला पद्मश्री जाहीर केली. तिच्यापाशी प्रयोगशाळा होती काय? पदवी होती काय? तिच्यापाशी आपल्या आज्यांपाशी होते तेच होते : चिंधी, राख, आठवण आणि सढळ हात.

कोणी विचारील, "संकरित बियाणे पिशवीत मिळते, पीकही भरघोस येते, मग हा उद्योग कशाला?" संकरित बियाण्याला आम्ही नावे ठेवीत नाही; त्याने पुष्कळांच्या घरी धान्य आणि पैसा आणला आहे. पण त्याच्या फळातले बी धरून पेरले तर पुढची झाडे एकसारखी निघत नाहीत; म्हणून ते दरसाल विकतच घ्यावे लागते. ज्याला परवडते त्याने बाजारासाठी ते अवश्य लावावे. घरच्या खाण्यापुरता एक वाफा तरी असा असावा, की ज्याचे बी आपल्या हातचे आहे. आणि कोणी "बियाणे देणे-घेणे कायद्यात बसते काय?" अशी भीती घातली तर सांगावे, की 2001 च्या पीक वाणांच्या संरक्षणाच्या व शेतकऱ्यांच्या हक्कांच्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे.

आता आपल्या आचारधर्मात या कामाला जागा कोठे आहे ते पाहा. शोधायला नको, पूर्वजांनी करून ठेवली आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम आहे. त्या दिवशीची भाजी हाताने खणलेल्या मातीतली असावी लागते. म्हणून तर घरोघरी परसात अळू, माठ, पडवळ, सुरण लावले जाई. हा नेम मनापासून पाळायचा तर भाद्रपदासाठी आषाढात बी लावावे लागते, आणि बी लावायचे तर आदल्या वर्षीचे राखलेले असावे लागते. बाजारातून "ऋषीच्या भाजीचा" वाटा विकत आणला तर पंचमी होते, पण नेमातला बैलाला विसावा कोठे राहिला?

तसेच संक्रांतीचे. आपली मराठी किती शहाणी आहे पाहा : बियाण्याच्या जातीला आपण वाण म्हणतो, आणि सवाष्णी संक्रांतीला जे लुटतात तेही वाणच. मग हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा घरच्या घेवड्याच्या दहा बिया कागदाच्या पुडीत घालून का लुटू नयेत? पावसाळी वेलांचे बी तोवर वाळून तयार झालेले असते.

आणि सर्वांत मोठी पेठ तर आपली वारी. कोकणातला वारकरी, खानदेशातला, विदर्भातला, मराठवाड्यातला, सगळे एका वाळवंटात येतात. कोणाच्या दारी काय पिकते ते दुसऱ्याला ठाऊक नसते. कार्तिकीला नव्या शेंगांचे बी हाती येऊ लागते. आषाढीला वेल लावायला अजून वेळ असतो. आमची विनंती एवढीच, की या वर्षी प्रत्येक दिंडीने एक पिशवी बियाण्यांची ठेवावी. ज्याला जमेल त्याने आपल्या घरचे एकच वाण आणावे. पावसात भिजू नये म्हणून लहान घट्ट डबीत आणावे. पुडीवर चार गोष्टी लिहाव्या : भाजीचे नाव आपल्या गावी जे म्हणतात ते, गाव, बी धरल्याचे वर्ष, आणि कधी व कसे लावायचे. दुकानातले औषध चोळलेले रंगीत बी त्यात मिसळू नये. चुकून कोणी ते रांधायला घेईल. मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर पिशवी उघडावी. जो एक पुडी घेईल त्याने पुढल्या वारीला दोन परत आणाव्या. एक देणाऱ्याला, एक तिसऱ्याला. ज्याचे पीक गेले त्याला कोणी बोल लावू नये. त्याला पुन्हा पुडी द्यावी. ज्यांना शेत नाही, शहरात गॅलरीत दोन कुंड्या आहेत, त्यांनी सब्जा, चंदनबटवा किंवा एखादा बुटका घेवडा सांभाळावा. वाण टिकायला एकरांची गरज नाही. आठवण ठेवणारे माणूस लागते.

नामाचेही असेच नाही काय? गुरूने कानात सांगितले ते बी. ते नुसते जपून ठेवले तर आपल्याबरोबर जाते. रोज जिभेवर पेरले, चांगल्या संगतीत राखले, घरातल्या मुलाच्या कानी घातले, तर आपण गेल्यावरही उगवत राहते. ज्या संप्रदायाने सातशे वर्षांहून अधिक काळ हे बी एका मुखातून दुसऱ्या मुखात पोचवले, त्याला मूठभर वाल जपणे जड जाऊ नये. येत्या एकादशीला फराळाच्या रताळ्यांतले एक कोंब आलेले रताळे बाजूला ठेवा, मातीत लावा; वेल वाढला की त्याचे तुकडे चार घरी द्या. आरंभ तेवढ्याने होतो. पुढचे पांडुरंग पाहून घेईल.

॥ रामकृष्णहरि ॥